जुना लाकडी बोर्ड: एक किटकॅट बदलू, डबा बदलू की सगळं वायरिंग? (सोलापूर)

दाजीपेठकर:

नमस्कार मंडळी. दाजी पेठेत आमचं दुमजली घर आहे, बांधकाम पन्नासेक वर्षांपूर्वीचं. खाली पूर्वी माग चालायचे, आता बंद आहेत आणि मागाचं थ्री फेज मीटरही राहिलेलं नाही. घराचं मीटर सिंगल फेज, त्यावर ५-३० अँपिअर असं लिहिलंय. मीटरनंतर लोखंडी पेटीतला मेन स्विच आणि तिथून पुढे लाकडी बोर्डावर चिनी मातीचे सहा किटकॅट (तार घालायचे जुने फ्यूज). खालचं वायरिंग लाकडी पट्टीतून आहे, वरचं आणि स्वयंपाकघराचं नंतर पाइपातून झालंय.

सध्या फ्रिज, सहा पंखे, टीव्ही, मिक्सर, इस्त्री, वॉशिंग मशीन, २ किलोवॅटचा गिझर आणि हौदातून टाकीत पाणी चढवायची १ एचपीची मोटार चालते. आता वर दीड टनाचा इन्व्हर्टर एसी बसवायचा आहे आणि इंडक्शनही घ्यायचं आहे.

त्रास असा: मोटार सुरू झाली की दिवे क्षणभर मंद होतात. गिझरच्या किटकॅटची खालची बैठक काळी पडलीय आणि तिथे जळका वास येतो. अर्थिंगची तार नळाच्या पाइपाला गुंडाळलेली आहे.

तिघांना दाखवलं, तिघांची तीन मतं. पहिले म्हणाले, एक किटकॅट बदला, बाकी ठीक आहे. दुसरे म्हणाले, एमसीबींचा (जास्त करंट झाला की आपोआप पडणाऱ्या स्विचांचा) नवीन डबा लावा, मेनला ६३ अँपिअरचा एमसीबी टाका, वायरी आहेत त्याच राहू द्या. तिसरे म्हणाले, भिंती फोडून सगळं नव्याने करा. खर्चात जमीन-अस्मानाचा फरक आहे. कोणाचं ऐकू, आणि ठरवायचं कशावरून?

जुना वायरमन:

ताई, पहिलं काम आजच करा. गिझरचा किटकॅट काढून बाजूला ठेवा, गिझर बंद. काळी बैठक आणि जळका वास म्हणजे सांधा तापतोय, आणि तो लाकडावर बसलाय. बाकीचं सावकाश ठरवता येईल.

आता ठरवायचं कशावरून ते सांगतो. डब्याकडे बघून ठरवू नका, वायरीकडे बघून ठरवा. फ्यूज काय, एमसीबी काय, दोन्ही वायर वाचवायला असतात. मागे कोणती वायर आहे ते कळल्याशिवाय पुढे किती अँपिअरचा एमसीबी लावायचा हे सांगणारा माणूस अंदाजाने बोलतोय.

मेन बंद करून प्रत्येक किटकॅटमधून निघणारी वायर बघायची. जुन्या वायरी गेजच्या असतात. ३/२२ म्हणजे २२ गेजच्या तीन तारा, आजच्या हिशेबाने साधारण १.२ एमएम (म्हणजे चौरस मिलिमीटर, वायरीचा आकडा यातच सांगतात). ३/२० म्हणजे २ एमएम. ७/२२ म्हणजे २.८. ७/२० म्हणजे ४.६. बोर्डावरची टोकं बघताना तार खरवडून बघायची. आत पांढरी निघाली तर ॲल्युमिनियम, लालसर निघाली तर तांबं. नुसतं वरून बघू नका, जुन्या तांब्यावर कल्हई असते, तीही पांढरी दिसते.

लाकडी पट्टीतली वायर कापडी वेष्टनाची असेल तर आत रबर असतं. टोक हळूच वाकवून बघायला सांगा. रबराचा भुगा पडला तर त्या वायरीचं आयुष्य संपलं, तिथे मोजमापही करत बसू नका.

किटकॅटमधली तार कोणती आहे तेही बघा. १५ अँपिअरच्या किटकॅटला अर्धा मिलिमीटर जाडीची कल्हईची तांब्याची तार लागते. आपल्याकडे लवचिक वायरीचे दोन-तीन तंतू पिळून घालायची सवय आहे. असा फ्यूज किती अँपिअरला वितळेल याचा भरवसा नाही. आणि बरोबर तार घातली तरी किटकॅट त्याच्या आकड्याच्या जवळपास दुप्पट करंट झाल्याशिवाय लवकर वितळत नाही. १५चा किटकॅट ३०ला जातो म्हणा. मागे ३/२२ची वायर असेल तर आधी वायर शिजते, मग फ्यूज जातो.

आणखी एक गोष्ट, जिवाशी खेळ आहे म्हणून सांगतो. जुन्या बोर्डात फेजला एक आणि न्यूट्रललाही एक किटकॅट असायचा. न्यूट्रलचा फ्यूज गेला की घरात अंधार होतो, माणसाला वाटतं वीज गेली. पण प्रत्येक पॉइंटपर्यंत फेज जिवंत असतो. सहातला एखादा न्यूट्रलवर असेल तर तिथे तार न ठेवता सरळ लिंक लागते.

तीनफेज:

६३ अँपिअरचा मेन सांगणाऱ्याला एकच विचारा: मीटर ३० अँपिअरचं आहे, त्याच्या पुढे ६३चा एमसीबी काय वाचवणार? ६३चा एमसीबी १.१३ पटीपर्यंत, म्हणजे ७१ अँपिअरला, तासभर पडायलाच बांधलेला नाही. तोवर मीटरचे टर्मिनल आणि मेनपर्यंतची वायर भाजून निघेल. मेन मोठा केला म्हणून घराला जास्त वीज मिळत नाही, फक्त रखवालदार झोपतो.

तुमचा भार मोजू. दीड टनाचा इन्व्हर्टर एसी पूर्ण ताकदीने चालताना ७ ते ८ अँपिअर. २ किलोवॅटचा गिझर ८.७. इंडक्शन २ किलोवॅटवर तेवढंच. १ एचपीची मोटार चालू असताना ७ अँपिअरच्या आसपास, सुरू होताना क्षणभर त्याच्या पाच-सहा पट. इस्त्री ४.५. पंखे, दिवे, टीव्ही, फ्रिज मिळून ४.

सगळ्यांची नुसती बेरीज करून घाबरू नका. सोलापुरात मे महिन्यात गिझर कोण लावतो? उन्हाळ्यातला वाईट प्रसंग म्हणजे एसी, मोटार, इंडक्शन आणि इस्त्री एकदम, पंखे-दिव्यांचे ४ धरून: ३१-३२ अँपिअर. हिवाळ्यात गिझर, मोटार, इंडक्शन आणि तेच ४: २८-२९. म्हणजे सिंगल फेजवर जेमतेम बसतं, इस्त्री आणि इंडक्शन एका वेळी न लावण्याची शिस्त पाळली तर नीट बसतं. दुसरा एसी यायचा असेल तर मात्र थ्री फेजचा विचार आत्ताच करा.

आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांच्या अंतराने येतं, हे या हिशेबात धरावंच लागतं. पाणी आलं की गल्लीतल्या सगळ्या मोटारी एकाच तासात सुरू होतात आणि विजेचा दाब (व्होल्टेज) खाली येतो. दाब कमी झाला की मोटार करंट कमी नाही, जास्त ओढते. त्यामुळे तुमच्या बोर्डाचा सगळ्यात कठीण तास पाण्याच्या दिवशीचा असतो. क्लॅम्प मीटरने (वायरीभोवती अडकवून करंट मोजतात त्याने) मोजायचं तर त्याच तासात मोजा.

बिलावर 'मंजूर भार' बघा. जुन्या घरांच्या बिलावर बहुतेक वेळा १-२ किलोवॅट असतो, आणि तुमचा खरा वापर ६-७ किलोवॅटपर्यंत जाणार आहे. महावितरणच्या वेबसाइटवर किंवा ॲपवर भारवाढीचा अर्ज होतो. उपकरणांची यादी खरी द्या. मीटर आणि खांबावरून आलेली सर्व्हिस वायर पुरेल की बदलायची, सिंगल फेज की थ्री फेज, हे त्यांचा अभियंता बघतो. थ्री फेजला दरमहा स्थिर आकार जास्त पडतो, हे लक्षात घ्या.

मीटरचं सील कोणीही तोडायचं नाही, तुमच्या वायरमननेही नाही. मीटरच्या बाहेर पडणाऱ्या टर्मिनलपुढचं काम आपलं, अलीकडचं महावितरणचं. मीटरच्या टर्मिनललाच जळका वास असेल तर १९१२ वर तक्रार नोंदवा.

आणि मागाचं मीटर गेलंय हे बरंच झालं. पूर्व भागात खाली मागाचं कनेक्शन आणि वर घराचा एसी त्याच्यावर, असं कोणी सुचवलं तर ऐकू नका. ज्या कामासाठी कनेक्शन दिलंय त्याऐवजी दुसरीकडे वापर म्हणजे विद्युत कायदा २००३च्या कलम १२६खाली आकारणी.

दाजीपेठकर:

खूप आभार. गिझर बंद ठेवलाय. परवानाधारक वायरमनला बोलावून बघून घेतलं. सापडलं ते असं:

मेन ते बोर्ड हा तुकडा ॲल्युमिनियमचा, बोर्डाजवळ तो तांब्याच्या ७/२० वायरीला पिळा मारून जोडलेला, वर काळी चिकटपट्टी. मीटर ते मेन तांब्याची ७/२०. खाली लाकडी पट्टीत कापडी वायर, वाकवल्यावर भुगा पडला. वरच्या हॉलमध्ये पीव्हीसी ३/२२. स्वयंपाकघर आणि बाथरूमला अडीचची तांब्याची वायर, पाइपातून. सहा किटकॅटपैकी एक खरंच न्यूट्रलला होता.

त्यांनी फक्त मोजण्यापुरता गिझर दोन मिनिटं लावला. मेनजवळ दाब २२६ व्होल्ट आणि गिझरच्या सॉकेटवर २११ आला. अंतर साधारण २० मीटर. मेगरने (वायरीच्या वेष्टनाचा रोध मोजायचं यंत्र) हॉलचं वायरिंग ३ मेगाओहम, स्वयंपाकघराचं ५०च्या वर, खालचं ०.४. या आकड्यांचा अर्थ काय घ्यायचा?

मेगर:

आकडे आणलेत, आता बोलायला जागा आहे.

आधी २२६ आणि २११. अडीचच्या तांब्याच्या वायरीचा रोध मीटरला ७.४ मिलिओहम. जाऊन-येऊन ४० मीटर, म्हणजे ०.३ ओहम. गिझरच्या साडेआठ अँपिअरला त्यात अडीच-तीन व्होल्ट पडायला हवेत. तुमच्याकडे १५ पडले. वरचे १२ व्होल्ट सांध्यांत पडताहेत: तो ॲल्युमिनियम-तांब्याचा पिळा आणि ती काळी बैठक. १२ गुणिले साडेआठ म्हणजे सुमारे १०० वॅट. जुना १०० वॅटचा बल्ब लाकडी बोर्डाच्या मागे पेटता ठेवावा तेवढी उष्णता. दिवे मंद होण्याचं कारणही बहुधा तेच, कारण मोटार, दिवे, गिझर सगळे त्याच सांध्यातून जातात.

ॲल्युमिनियमचा पिळा का सैल होतो? त्याच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा थर येतो, तो वीज नीट वाहू देत नाही. शिवाय हा मऊ धातू दाबाखाली हळूहळू सरकतो आणि तापून-निवून तांब्यापेक्षा जास्त फुगतो-आकसतो. स्क्रू घट्ट केला तरी वर्षभरात पुन्हा ढिला. म्हणून 'एक किटकॅट बदला' हा सल्ला तुमच्या घरी चालणार नाही. किटकॅट बदलाल, पिळा तसाच तापत राहील.

आता मेगरचे आकडे. ५०० व्होल्टच्या मेगरवर किमान १ मेगाओहम हवा. स्वयंपाकघर उत्तम. हॉल चालेल. खालचं ०.४ नापास, आणि हे कोरड्या दिवसांतलं मोजमाप आहे, पावसाळ्यात आणखी उतरेल.

म्हणजे तिसऱ्या माणसाचं म्हणणं एक तृतीयांश खरं आहे. खालचं वायरिंग पूर्ण टाकून द्या. त्यासाठी भिंत फोडायला हवीच असं नाही, भिंतीवरून पीव्हीसी पट्टी किंवा पाइप नेता येतो, आणि जुन्या दगडी-मातीच्या भिंतीला झिरी मारण्यापेक्षा ते बरं. स्वयंपाकघर-बाथरूमची अडीचची वायर ठेवा. हॉलची ३/२२ फक्त दिवे-पंख्यांसाठी ठेवा, ६ अँपिअरच्या एमसीबीवर. त्या वायरीवर इस्त्रीचं सॉकेट असेल तर तोडा.

जुना वायरमन:

मेगर भाऊंशी माझं एका ठिकाणी जमत नाही. हॉलची ३/२२ ठेवू नये. ३ मेगाओहम आज आहे, पण त्या वायरीबरोबर अर्थची तार नाही, आणि जुन्या बोर्डांतले सगळे सांधे चिकटपट्टीचे. खालचं काम निघालंच आहे, वायरमन घरात आहे, तर वरच्या हॉलची वायर त्याच पाइपातून ओढून दीडची टाकता येते. पाइप मोकळा असेल तर जुनी वायर ओढतानाच नवी आत येते, अर्ध्या दिवसाचं काम. पाइप बुजलेला असेल तर मग त्यांचं बरोबर, ६ अँपिअरवर ठेवा.

मेगर:

पाइप मोकळा असेल तर तुमचं मान्य. अर्थच्या तारेचा मुद्दा माझ्याकडून सुटला होता, पंख्याच्या लोखंडी बॉडीलाही ती हवी.

आता अर्थिंग. याकडे लोक सगळ्यात कमी बघतात आणि माणसं यानेच मरतात, म्हणून जरा लांब लिहितो.

नळाचा पाइप अर्थिंग म्हणून आता चालत नाही. पुढे कुठेतरी प्लास्टिकचा पाइप जोडलेला असतो, आणि मग करंट गळणारा तुमचा गिझर सगळ्या घराच्या नळात झटका देतो. ती तार आधी सोडा.

महावितरण घराला फेज आणि न्यूट्रल देतं, अर्थ आपण आपल्या खड्ड्यातून, म्हणजे जमिनीत पुरलेल्या पाइपातून घेतो. समजा गिझरच्या बॉडीला फेज लागला. करंट आपल्या खड्ड्यातून मातीत आणि मातीतून ट्रान्सफॉर्मरच्या अर्थपर्यंत जाणार. तुमचा खड्डा चांगला, ५ ओहमचा आहे असं धरा. २३० भागिले ५ म्हणजे ४६ अँपिअर, आणि तेही ट्रान्सफॉर्मरकडचा रोध शून्य धरून. १६ अँपिअरचा 'सी' प्रकारचा एमसीबी तत्काळ पडायला पाच ते दहा पट, म्हणजे ८० ते १६० अँपिअर लागतात. ४६ला तो लगेच पडत नाही, तापून पडायला काही सेकंद घेतो. खड्डा १५ ओहमवर गेला तर करंट १५ अँपिअर, एमसीबी पडतच नाही, आणि गिझरची बॉडी जिवंत राहते.

आणि सोलापुरात खड्डा १५ ओहमवर जायला काही लागत नाही. वर थोडी काळी माती किंवा मुरूम, खाली लगेच काळा पाषाण, आणि मार्च ते जून जमीन वाळून भेगा पडलेली. पावसाळ्यात ४ ओहम दाखवणारा खड्डा मे महिन्यात कितीतरी वर गेलेला असतो. 'अर्थिंग केलंय, आता काळजी नाही' हे म्हणूनच खोटं आहे.

यावर उपाय आरसीसीबी. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी जाणारा आणि परत येणारा करंट ताडून बघतो, १५ ते ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की तोडतो. त्याला खड्डा शंभर ओहमचा असला तरी पुरतो. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. आरसीसीबी जास्त भाराला पडत नाही, म्हणून त्याच्या आधी एमसीबी हवाच, आणि आरसीसीबीचा आकडा त्या एमसीबीइतका किंवा जास्त हवा. दुसरं, फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम पकडले तर त्याला फरक कळत नाही, तिथे तो वाचवत नाही.

घेताना 'ए' प्रकारचा घ्या. इन्व्हर्टर एसी, वॉशिंग मशीन, इंडक्शन यांच्या गळतीत अर्धवट डीसी येतो, साधा 'एसी' प्रकारचा आरसीसीबी तो नीट ओळखत नाही. डब्यावरचं हे 'एसी' अक्षर एअर कंडिशनरचं नाही, दुकानात यावरून घोटाळा होतो.

खड्डा तरीही करायचाच. भिंतीपासून दीड मीटर लांब, ४० मिमी व्यासाचा, अडीच मीटर लांबीचा जीआय (जस्ताचा थर दिलेला लोखंडी) पाइप उभा, भोवती बेंटोनाइटसारखं भरण. कोळसा-मीठ जुनी पद्धत आहे, चालते, पण मीठ पाइप खातं. अडीच मीटर खाली जायच्या आत पाषाण लागला तर हट्ट करून ब्रेकर लावत बसू नका. आडवी जीआय पट्टी चरात पुरता येते, किंवा दोन आखूड पाइप एकमेकांपासून लांब ठोकून जोडता येतात. टाकीचं जादा पाणी जिथे पडतं तिथली जागा सगळ्यात उत्तम. फेब्रुवारीपासून आठवड्याला दोन बादल्या पाणी घाला.

आणि कोणी फेज व अर्थमध्ये बल्ब लावून 'बघा, अर्थिंग झकास' असं दाखवत असेल तर करू देऊ नका. अर्थची तार मध्येच तुटलेली असेल तर त्या बल्बमधून फेज घरातल्या प्रत्येक अर्थ केलेल्या बॉडीवर येतो. अर्थ टेस्टरने मोजा.

तीनफेज:

डब्याचं मी लिहितो, कारण दुकानात 'किती वेचा', म्हणजे किती जागांचा, एवढंच विचारतात.

मेनला ३२ अँपिअरचा डबल पोल (फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा) एमसीबी, 'सी' प्रकार. त्याच्यापुढे ४० अँपिअर, ३० मिलिअँपिअरचे दोन आरसीसीबी, एक नाही. एकावर स्वयंपाकघर, बाथरूम, मोटार. दुसऱ्यावर दिवे-पंखे, एसी, बाकी सॉकेट. पावसात मोटारीत ओल शिरली तर मोटारीचा आरसीसीबी पडेल, घरात अंधार होणार नाही. प्रत्येक आरसीसीबीची न्यूट्रल पट्टी वेगळी.

सर्किटं: दिवे-पंखे वर ६ अँपिअर, खाली ६. सॉकेट १६. स्वयंपाकघर १६. इंडक्शन १६, वेगळ्या अडीचच्या वायरीवर. गिझर १६. वॉशिंग मशीन १६. एसी २०, चारच्या वायरीवर. मोटार १०, 'सी'च. मोटारीला 'बी' प्रकार लावला तर तीस अँपिअरपासूनच पडायला लागतो आणि सुरू होतानाचा करंट तेवढा असतोच, मग लोक १०चा काढून २० लावतात आणि मोटार जळते.

जागा मोजा: मेन दोन, आरसीसीबी चार, एमसीबी नऊ. पंधरा. सोळाचा डबा घेतला तर एकच जागा उरते, म्हणून त्याच्या वरचा मिळाला तर तो घ्या. काही कंपन्या मेनच्या जागा आकड्यात धरतात, काही धरत नाहीत. आतली रांग प्रत्यक्ष मोजा. पत्र्याचा, दोन दारांचा. लाकूड काढून टाका, डब्याच्या मागे लाकूड ठेवू नका. मागांच्या काळातलं तूस जुन्या बोर्डामागे अजून साचलेलं असणार, ते झाडून घ्या, ठिणगीला ते कापसासारखं धरतं.

वायरीचे आकडे डोक्यात राहू द्या. पाइपातली पीव्हीसी तांब्याची वायर, भोवती ४५ अंश धरून: दीडची १३-१४ अँपिअर, अडीचची १९, चारची २५, सहाची ३२, दहाची ४५. मीटर ते मेन आणि मेन ते डबा दहाची टाका. सहाची ३२ला काठावर बसते, आणि तुमची ७/२० त्याहून बारीक आहे. वायरमन पुण्या-मुंबईच्या तक्त्यावरून 'अडीचला २५ चालतं' म्हणाला तर त्याला आपल्या मे महिन्याची आठवण द्या.

एमसीबीही ३० अंशांवर मोजून बनवलेला असतो. पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीवर, बंद डब्यात, शेजारी-शेजारी सगळे भरलेले असले की तो आकड्याच्या आधीच पडतो. जास्त तापणारे एसी आणि गिझर एकमेकांच्या शेजारी लावू नका, मध्ये दिव्यांचा ६चा येऊ द्या. डबा ऊन लागणाऱ्या भिंतीवर नको, मोरीच्या भिंतीवरही नको.

वळवाच्या गडगडाटासाठी सर्ज प्रोटेक्टर (अचानक उसळलेला दाब अर्थमध्ये सोडणारा), टाइप २, वेगळ्या छोट्या डब्यात लावता येतो. अर्थिंग झाल्याशिवाय तो लावून उपयोग नाही.

जुना वायरमन:

काम चालू असताना मालकाने उभं राहून बघायच्या गोष्टी सांगतो.

एका टर्मिनलमध्ये एकच वायर. दोन घातल्या की एक घट्ट, एक ढिली राहते. अनेक तारांच्या वायरीला पिन लग (टोकावर बसणारी धातूची नळी) दाबून मगच आत. वायर टर्मिनलमधल्या दाबपट्टीच्या आत गेली की त्या पट्टीच्या मागे गेली ते ओढून बघायचं. मागे गेली तर स्क्रू घट्ट लागतो आणि वायर मोकळी असते. वायरीचं प्लास्टिक टर्मिनलमध्ये दाबलं जाता कामा नये. एमसीबी एकमेकांना वायरीचे तुकडे जोडत नेऊ नका, तांब्याची पिन बसबार (सगळ्या एमसीबींना एकदम जोडणारी तयार पट्टी) घ्या. न्यूट्रल पट्टीचे स्क्रू सगळ्यात जास्त ढिले राहतात, तेच आधी तपासा.

काम झाल्यावर महिन्याभराने मेन बंद करून सगळे स्क्रू एकदा पिळायचे. नवं तांबं बसतं, स्क्रू अर्धा आटा सैल होतो. मेन बंद केला तरी त्याच्या वरच्या टर्मिनलला मीटरकडून फेज असतोच, तिथे हात नाही.

दाजीपेठकर:

एवढं सविस्तर कोणीच सांगितलं नव्हतं. वरचा पाइप मोकळा निघाला, तर हॉललाही दीडची टाकतोय. शेवटची शंका: आरसीसीबी लावला की तो सारखा पडतो, म्हणून शेजाऱ्यांनी काढून टाकला, असं ऐकलं. आमच्याकडे बॅटरीचा इन्व्हर्टरही आहे. आमचाही पडला तर काय करायचं?

मेगर:

काढून टाकायचा नाही, गळती शोधायची.

पडला की मेन सोडून सगळे एमसीबी खाली करा आणि आरसीसीबी वर करा. टिकला तर एमसीबी एकेक वर करत जा. ज्याला पडेल त्याच्यावरची उपकरणं काढून पुन्हा बघा. बहुतेक वेळा गिझरचं एलिमेंट किंवा पाण्यातली मोटार निघते.

सगळे एमसीबी खाली असताना एखाद्या वेळी वरच राहत नाही, लगेच पडतो. तेव्हा लोक म्हणतात आरसीसीबी खराब. पण मेन सोडून बाकीचे एमसीबी फक्त फेज तोडतात, न्यूट्रल जोडलेलाच असतो. कुठेतरी न्यूट्रल अर्थला चिकटलाय. मेन बंद करून त्या आरसीसीबीच्या पट्टीवरून न्यूट्रल एकेक सोडा आणि प्रत्येक वेळी मेन लावून बघा, ज्याला सोडल्यावर टिकला ते सर्किट. सगळ्या वायरी काढूनही पडत असेल तरच आरसीसीबी बदला.

जुन्या घरात तिसरं कारण उसना न्यूट्रल. जिन्याच्या दिव्याचा फेज वरच्या सर्किटवरून आणि न्यूट्रल जवळ पडतो म्हणून खालच्या बोर्डातून घेतलेला. ती दोन सर्किटं वेगवेगळ्या आरसीसीबीवर असली की दिवा लावताच एक किंवा दोन्ही पडतात. तुमच्या जिन्याचा आणि गच्चीचा दिवा आधीच तपासायला सांगा, खालचं वायरिंग नव्याने होतंय तोवरच हे सरळ करून घेता येतं.

इन्व्हर्टरचंही मूळ तेच. इन्व्हर्टरला जिथून वीज देता आणि इन्व्हर्टरवरच्या दिव्यांचा न्यूट्रल जिथे परत येतो, ते दोन्ही एकाच आरसीसीबीच्या पट्टीवर हवेत. इन्व्हर्टरचं सॉकेट स्वयंपाकघराच्या आरसीसीबीवर आणि दिव्यांचा न्यूट्रल दुसऱ्या पट्टीवर असेल तर वीज असताना तो पडणारच. म्हणून इन्व्हर्टरचं सॉकेट दिव्यांच्याच आरसीसीबीवर घ्या, आणि डब्यातल्या त्या न्यूट्रल वायरींना चिठ्ठी चिकटवून ठेवा. वीज गेलेली असताना, बॅटरीवर चालणाऱ्या दिव्यांना हा आरसीसीबी सांभाळत नाही, तेव्हा बल्ब बदलायचा तरी इन्व्हर्टर बंद करूनच.

आरसीसीबीवर 'टी' लिहिलेलं बटण असतं. महिन्यातून एकदा दाबायचं, लगेच पडला पाहिजे. आठवण राहावी म्हणून वीजबिल भरायच्या दिवशी दाबा.